काखडी गावचे शेत : नहपान आणि गौतमीपुत्र सातकर्णी यांच्या संघर्षाचा मागोवा

प्राचीन दख्खनमधील सर्वांत गाजलेले सत्तांतर म्हणजे क्षहरात कुळातील क्षत्रप नहपान याच्या सत्तेचा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने केलेला शेवट होय. या युद्धाची रणभूमी कोणती होती, सैन्ये किती होती आणि लढाई किती दिवस चालली, हे सांगणारा एकही समकालीन ग्रंथ मागे राहिलेला नाही. मागे राहिले आहेत ते लेण्यांच्या भिंतींवर कोरलेले जमिनीचे हुकूम, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी ठेवलेल्या ठेवींचे दस्त, एका वृद्ध राजमातेने कोरवून घेतलेली मुलाची प्रशस्ती आणि जमिनीत पुरलेली हजारो चांदीची नाणी. हा पुरावा एखाद्या कचेरीतील दप्तरासारखा रूक्ष आहे. परंतु शत्रूचा पराभव केल्यानंतर विजेत्याला कोणती कामे उरकावी लागतात, हे त्याच्याइतके स्पष्टपणे क्वचितच कोणत्या वीरगाथेने सांगितले असेल.

क्षत्रप हा शब्द मूळचा इराणी असून प्रांताचा अधिकारी असा त्याचा अर्थ होतो. इराणी सम्राटांच्या काळापासून चालत आलेली ही पदवी वायव्येकडून भारतात आलेल्या शकांनी स्वीकारली आणि कालांतराने त्यांपैकी अनेक जण नावाने क्षत्रप पण व्यवहारात स्वतंत्र राजे बनले. पश्चिम भारतातील क्षहरात हे अशा घराण्यांपैकी एक होते. भूमक आणि नहपान ही त्याची ज्ञात नावे असून भूमकाच्या तांब्याच्या नाण्यांवर बाण, चक्र आणि वज्र ही चिन्हे आढळतात. नहपानाने चांदीची नाणी पाडली, त्यांवर स्वतःचा मुखवटा उठवला आणि ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांत आपले नाव लिहविले. हे नाणे ज्यांच्या हाती जाणार होते त्या व्यापाऱ्यांचे जग किती विस्तारलेले होते, याची कल्पना त्या तीन लिप्यांवरूनच येते.

सातवाहनांचा या प्रदेशावरील हक्क त्याहून जुना होता. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील, म्हणजे आज पांडवलेणी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समूहातील १९ क्रमांकाचे लेणे सातवाहन कुळातील राजा कण्ह याच्या कारकिर्दीत कोरले गेले, आणि जुन्नरवरून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर राणी नागनिकेचा, यज्ञांची व दक्षिणांची लांबलचक यादी देणारा लेख आहे. क्षहरातांनी या मुलखात पाय रोवले तेव्हा त्यांनी एका प्रस्थापित घराण्याला मागे रेटले होते. त्यामुळेच गौतमीपुत्राच्या विजयाचे वर्णन पुढे नव्या प्रदेशाची प्राप्ती असे न होता, सातवाहन कुळाच्या यशाची पुनःस्थापना असे केले गेले.

हा संघर्ष ज्या भूमीसाठी झाला, ती भूमी पिकांमुळे जेवढी मोलाची होती त्यापेक्षा वाटांमुळे अधिक मोलाची होती. नहपानाच्या काळातील लेख नाशिक, जुन्नर आणि कार्ले येथे आहेत, आणि ही तिन्ही ठिकाणे नकाशावर ठेवली की ती अनुक्रमे थळ घाट, नाणेघाट व बोरघाट यांच्या तोंडाशी येतात. घाटमाथा ज्याच्या हाती, त्याच्या हाती सोपारा आणि कल्याण येथील जकात, हे गणित दोन्ही बाजूंना ठाऊक होते. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत या स्पर्धेचा एक कटू तपशील नोंदलेला आहे. पूर्वीच्या सारगनस नावाच्या राजाच्या वेळी कल्याण हे रीतसर व्यापाराचे बंदर होते; परंतु ते संदनस याच्या ताब्यात गेल्यापासून तिथला व्यापार अडवला गेला, इतका की एखादे ग्रीक जहाज चुकून तिकडे लागलेच तर त्याला पहाऱ्यात बॅरिगाझाला, म्हणजे भरुकच्छला किंवा आजच्या भडोचला, नेले जाई. सारगनस हे सातकर्णी या नावाचे ग्रीक रूप मानले जाते, तर त्याच ग्रंथात भडोचच्या मुलखाचा राजा म्हणून येणारा मंबनोस किंवा नंबनोस हा नहपानच असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. शत्रूच्या बंदराची अशी नाकेबंदी करणे हा युद्धाचाच एक प्रकार होता, आणि कदाचित प्रत्यक्ष लढाईपेक्षा तो अधिक परिणामकारक ठरला असेल.

भडोचला काय येई, याची यादीही या ग्रंथात मिळते. इटलीची मद्ये, तांबे, कथील, शिसे, पोवळी, काच आणि सोन्याचांदीची नाणी व्यापाऱ्यांसाठी उतरत; राजासाठी मौल्यवान चांदीची भांडी, गाणारी मुले, अंतःपुरासाठी सुंदर तरुणी आणि उंची मद्य येई. उलट बाजूने पैठणहून अकीक व तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून सुती कापड गाड्यांतून भडोचला उतरत असे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर तिथून पुढे दहा दिवसांवर होते, असे हा लेखक सांगतो. सातवाहनांच्या राजधानीतला माल प्रतिस्पर्ध्याच्या बंदरातून बाहेर पडत होता आणि त्यावरची जकात नहपानाच्या कोशात जमा होत होती, ही परिस्थिती पैठणच्या दरबाराला किती काळ सोसणार होती, हाच काय तो प्रश्न होता.

नहपानाच्या राज्यकारभाराचे सर्वांत जिवंत चित्र त्याच्या जावयाच्या लेखांतून मिळते. दीनीकाचा पुत्र ऋषभदत्त, ज्याचे नाव लेखांत उषवदात असेही येते, हा शक होता आणि नहपानाची मुलगी दक्षमित्रा ही त्याची पत्नी होती. नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यातील त्याचे लेख म्हणजे दानांची एक प्रचंड सूची आहे. त्याने तीन लक्ष गायी दिल्या, बार्णासा नदीवर सुवर्णदान केले व घाट बांधला, देवांना आणि ब्राह्मणांना १६ गावे दिली, प्रभास तीर्थावर ब्राह्मणांना आठ भार्या मिळवून दिल्या, आणि भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे प्रवाशांसाठी विश्रामगृहे उभारली. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने फुकट उतारू नावा ठेवल्या. यांतील पारदा ही आजची पार, दमणा ही दमणगंगा, तर दाहनुका हे नाव डहाणूशी निगडित आहे. ही यादी डोळ्यांसमोर ठेवली तर किनाऱ्यालगतचा भडोच ते सोपारा हा रस्ताच एका ओळीत उभा राहतो. धर्मदान म्हणून कोरलेली ही कामे व्यापारी मार्गाची देखभालही होती, आणि दात्याला त्यात काही विसंगती वाटत नव्हती. युद्धाचा उल्लेख त्याच्या लेखांत एकदाच आणि ओझरता येतो : मालयांनी वेढलेल्या उत्तमभद्रांच्या प्रमुखाला सोडवण्यासाठी तो पावसाळ्यात उत्तरेकडे गेला, त्याच्या येण्याच्या नुसत्या गर्जनेनेच मालय पळाले, आणि मग त्याने पुष्कर तीर्थात स्नान करून ३,००० गायी व एक गाव दान दिले.

याहून महत्त्वाचा आहे तो ४२ व्या वर्षी केलेला ठेवीचा दस्त. ऋषभदत्ताने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली. कार्षापण हे त्या काळचे प्रचलित नाणे, आणि अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला हात न लावता केवळ व्याज खर्च करायची कायमची ठेव. यांपैकी २,००० कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक पडिक, म्हणजे एक कार्षापण, या दराने आणि उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण पडिक या दराने ठेवले गेले. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांचा संघ; तो माल तयार करी आणि पेढीचे कामही करी. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते, आणि लेखात सांगितल्याप्रमाणे वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण दिले की ते बरोबर संपते. हा सगळा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरातील व्यापाऱ्यांच्या सभेत, वाचून दाखवला गेला आणि फलकावर नोंदवला गेला. ज्या श्रेणीकडे पैसा ठेवला तिचे हित पुढे कोणत्या राजाशी बांधले गेले होते, हे वेगळे सांगावे लागत नाही : ज्याच्या अमलात ठेव सुरक्षित राहील आणि माल बंदरापर्यंत जाईल, त्याच्याशी.

या दानशूरतेला जैन परंपरेने एक वेगळीच कलाटणी दिली आहे. आवश्यकसूत्रावरील टीकावाङ्मयात अशी कथा येते की, भरुकच्छचा धनाढ्य राजा नहवाहन याच्यावर पैठणचा सातवाहन दरवर्षी स्वारी करी, परंतु नहवाहन शत्रूसैनिकांना मारणाऱ्यांना भरघोस बक्षिसे देत असल्यामुळे सातवाहनाला दर वेळी हात हलवत परतावे लागे. अखेर सातवाहनाने आपल्या मंत्र्याला हाकलून दिल्याचे सोंग केले, तो मंत्री नहवाहनाच्या चाकरीला लागला, आणि त्याने त्या राजाला परलोकासाठी देवळे, तळी व विहिरी बांधण्याच्या नादी लावून त्याचा कोश रिकामा केला. मग भरुकच्छ पडायला वेळ लागला नाही. कथा म्हणून ही रचलेली आहे यात शंका नाही. तथापि नहपानाच्या घराण्याची दोनच वैशिष्ट्ये लोकांच्या स्मरणात दीर्घकाळ राहिली, एक चांदीने भरलेला कोश आणि दुसरे दानाचे अपरिमित वेड, आणि ही दोन्ही नाणी व लेख यांच्या पुराव्याशी जुळतात, हे दुर्लक्षिण्यासारखे नाही.

प्रत्यक्ष सत्तांतर जिथे दिसते तो लेख नाशिकच्या ३ क्रमांकाच्या लेण्यात आहे. आपल्या १८ व्या राज्यवर्षी, पावसाळ्याच्या दुसऱ्या पक्षात, गौतमीपुत्राने विजयी सैन्याच्या तळावरून गोवर्धन येथील अमात्य विष्णुपालित याला हुकूम पाठवला. अमात्य म्हणजे प्रांताचा कारभार पाहणारा राजाधिकारी. हुकूम असा की, पश्चिम काखडी गावातील जे २०० निवर्तनांचे शेत आजवर ऋषभदत्ताच्या ताब्यात होते, ते त्रिरश्मीच्या भिक्षूंना द्यावे. निवर्तन हे जमिनीचे माप होते. या शेताला सवलतीही दिल्या गेल्या : राजाच्या शिपायांनी तिथे शिरू नये, कोणी हात लावू नये, मिठासाठी खणू नये आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये. लेखातील हा ऋषभदत्त म्हणजे नहपानाचा जावईच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तळ अजून उठलेला नाही, तलवारी म्यान झाल्या असतील नसतील, आणि राजा एका शेताच्या हस्तांतराचा हुकूम लिहवीत आहे. त्याच १८ व्या वर्षी पावसाळ्याच्या चौथ्या पक्षात मामाल, म्हणजे मावळ, येथील अमात्यालाही असाच हुकूम गेला आणि कार्ल्याच्या भिक्षूंना करजक नावाचे गाव मिळाले. राजाचे नाव त्या शिळेवर तुटलेले असले तरी तो गौतमीपुत्रच असावा, आणि हे करजक म्हणजे ऋषभदत्ताने त्याच भिक्षूंना पूर्वी दिलेले करजिक गाव असावे, हे सहज ध्यानात येते. भिक्षूंचा उपभोग चालूच राहिला. बदलला तो फक्त दाता.

यात धर्मभावनेबरोबर राजकारणाचा हिशेब होता. घाटमाथ्यावरील विहारांना व्यापाऱ्यांचा, शेतकऱ्यांचा आणि श्रेणींचा राबता होता. तिथे नव्या राजाचे नाव कोरले गेले म्हणजे ते साऱ्या वाटसरूंच्या कानी जाई. शत्रूचे दान रद्द केले तर भिक्षुसंघ आणि त्याच्या मागे उभे असलेले लोक दुखावणार, आणि ते तसेच चालू दिले तर शत्रूचे पुण्य व स्मरण टिकणार; यावर नव्याने दान देणे हाच उपाय होता. परंतु हुकूम लिहिणे सोपे असते. सहा वर्षांनी, २४ व्या वर्षी, गौतमीपुत्र आणि राजमाता या दोघांच्या नावे गोवर्धनचा नवा अमात्य श्यामक याला दुसरा हुकूम गेला, आणि त्यात सांगितले आहे की काखडीचे शेत कसले जात नाही व गावही ओसाड आहे, म्हणून भिक्षूंना नगराच्या सीमेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीतून १०० निवर्तने द्यावीत. ही कबुली असामान्य आहे. काखडी ओस का पडली हे लेख सांगत नाही, पण सैन्ये ज्या वाटेने गेली त्या वाटेवर ते गाव असू शकेल, आणि मोबदला म्हणून निम्मीच जमीन मिळाली हे भिक्षूंच्या लक्षात आल्यावाचून राहिले नसेल.

दुसरा पुरावा चांदीचा आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाच्या १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे : एका बाजूला कमानींचा डोंगर आणि राजाचे प्राकृत नाव, तर दुसऱ्या बाजूला क्रूसाच्या टोकांना वर्तुळे असलेले, उज्जयिनी चिन्ह म्हणून ओळखले जाणारे चिन्ह. अनेक नाण्यांवर नव्या ठशाखालून नहपानाचे नाक किंवा ग्रीक अक्षरे अजून डोकावतात. नाणी वितळवून नवी पाडण्याइतका वेळ किंवा गरज नव्हती. त्यांतील चांदी आणि वजन लोकांना मान्य होते, फक्त हुकूम कोणाचा एवढेच दाखवायचे होते. उरलेली सुमारे ४,००० नाणी ठसा न मारताच त्याच साठ्यात होती, यावरून बाजारात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी चालत असावेत. सातवाहनांचे चलन तोवर मुख्यतः शिसे, पोटीन ही मिश्रधातू आणि तांबे यांचे होते. मुखवट्याचे चांदीचे नाणे त्यांनी या युद्धानंतर स्वीकारले, आणि गौतमीपुत्राचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्यापासून यज्ञ सातकर्णीपर्यंतच्या राजांनी ते पाडले. पराभूताची टांकसाळ विजेत्याच्या वळणी लागली, असे म्हणण्यापेक्षा विजेताच पराभूताच्या नाण्याच्या वळणी गेला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. लेण्यांतही तेच घडले : गौतमीपुत्राच्या घराण्याने पुरे केलेल्या ३ क्रमांकाच्या लेण्यातील खांब ऋषभदत्ताच्या १० क्रमांकाच्या लेण्यातील खांबांचे अनुकरण करतात, आणि कारागिरीत त्यांच्या मागे पडतात.

या घटनांचा काळ कोणता, यावर अभ्यासकांत जुना मतभेद आहे. नहपानाच्या लेखांतील ४१ ते ४६ ही वर्षे शककालाची मानली तर ती इ.स. ११९ ते १२४ येतात आणि गौतमीपुत्राचा विजय त्यानंतर लगेच ठेवावा लागतो. ती त्याची राज्यवर्षे मानली तर सारा पट पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात सरकतो. पेरिप्लसचा काळ पहिल्या शतकाच्या मध्याच्या आसपासचा असल्यामुळे आणि त्यातील नंबनोस नहपानच असल्यास दुसरा पर्याय अधिक सुसंगत ठरतो, आणि अलीकडचे नाणकशास्त्रज्ञही त्याच बाजूला झुकलेले आहेत.

गौतमीपुत्राची कीर्ती मात्र त्याच्या स्वतःच्या हुकमांवर उभी नसून त्याच्या आईने कोरवलेल्या प्रशस्तीवर उभी आहे. पुळुमावीच्या १९ व्या वर्षी गौतमी बलश्रीने ३ क्रमांकाचे लेणे भद्रायणीय पंथाच्या भिक्षूंना अर्पण केले, तेव्हा तिने आपल्या दिवंगत मुलाचे वर्णन क्षहरात वंश निःशेष करणारा, शक, यवन व पल्हव यांचा संहारक, आणि ज्याची वाहने तीन समुद्रांचे पाणी प्यायली असा राजा, या शब्दांत केले. त्याच्या राज्यातील प्रदेशांत अश्मक, मूलक, विदर्भ, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप आणि आकरावंती यांची नावे येतात. मुलगा गेल्यानंतर आईने लिहविलेल्या या मजकुरात अतिशयोक्ती असणारच. परंतु तिच्याहून मोठी अडचण ही की, ही यादी कोरली जात असतानाच तिच्यातील उत्तरेकडचे प्रदेश हातचे निसटू लागले असावेत.

कारण क्षहरात संपले तरी क्षत्रप संपले नव्हते. कार्दमक हे दुसरे शक घराणे चष्टनाच्या नेतृत्वाखाली पुढे आले, आणि दुसऱ्या शतकाच्या मध्यास भूगोलकार टॉलेमी उज्जयिनीला तिआस्तनेसची म्हणजे चष्टनाची, तर पैठणला सिरी पोलेमाइओसची म्हणजे श्री पुळुमावीची राजधानी म्हणतो. चष्टनाचा नातू रुद्रदामन याच्या जुनागढ येथील शके ७२, म्हणजे इ.स. १५० च्या सुमाराच्या, शिलालेखात आकरावंती, अनूप, सुराष्ट्र, कुकुर आणि अपरांत ही बलश्रीच्या यादीतील नावे पुन्हा येतात, आता कार्दमकांच्या मालकीची म्हणून. अश्मक, मूलक आणि विदर्भ मात्र त्यात नाहीत. गोदावरीचे खोरे सातवाहनांकडेच राहिले. सुदर्शन तलावाच्या फुटलेल्या बांधाच्या दुरुस्तीची नोंद करणारा हा लेख प्रौढ संस्कृत गद्यातला आहे, तर सातवाहन अखेरपर्यंत प्राकृताला चिकटून राहिले. दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला आपण दोनदा उघड लढाईत हरवले, पण नाते जवळचे असल्यामुळे त्याचा नाश केला नाही, असे रुद्रदामन सांगतो. ते नाते कान्हेरीच्या एका पाणपोढीवरील, म्हणजे पाण्याच्या टाक्यावरील, लेखातून उलगडते : वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातील होती आणि एका महाक्षत्रपाची मुलगी होती, हा महाक्षत्रप म्हणजे रुद्रदामनच, असे मानले जाते. ज्या घराण्याच्या प्रशस्तीत शकांचा संहार आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणे हे पराक्रम म्हणून कोरले होते, त्याच घराण्यात एक शक राजकन्या सून म्हणून आली, आणि पाणपोढी खोदवणाऱ्या शतेरक या अमात्याला ते अभिमानाने नोंदवावेसे वाटले.

यज्ञ सातकर्णीने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कोकणपट्टी पुन्हा मिळवली; कान्हेरीला त्याच्या १६ व्या वर्षाचा लेख आहे आणि सोपाऱ्याच्या स्तूपात त्याचे मुखवट्याचे चांदीचे नाणे मिळाले आहे. त्याच्यानंतर सातवाहनांचे राज्य शाखांत विखुरले आणि नाशिकचा मुलूख आभीरांकडे गेला. आभीर राजा माढरीपुत्र ईश्वरसेन याच्या ९ व्या वर्षाचा लेख ऋषभदत्ताच्याच १० क्रमांकाच्या लेण्यात कोरलेला आहे. सातवाहनांप्रमाणे आईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या राजाच्या अमलात विष्णुदत्ता नावाच्या बौद्ध उपासिकेने, विहारातील आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी, गोवर्धनमधील तेल्यांच्या आणि इतर कारागिरांच्या श्रेणींकडे अक्षयनीवी ठेवली. ही विष्णुदत्ता स्वतःची ओळख शकनिका, म्हणजे शक स्त्री, अशी करून देते; तिच्या वडिलांचे नाव अग्निवर्मा, नवऱ्याचे रेभिल आणि मुलाचे विश्ववर्मा होते.